क्लाइव्ह पेडरचा साहेब

क्लाइव्ह पेडर आमच्या कंपनीत आला तो कॉम्प्युटरसाठी नव्हे, पॉसमसाठी.

आमच्या बेटावरच्या लॉन्सेस्टन गावात पिपिन म्युच्युअलची जुनी विटांची इमारत होती आणि तिच्या छताच्या पोकळीत एक पॉसम राहायचा. मांजराएवढा, जाड शेपटीचा आणि स्वभावाने तापट. सफरचंदांच्या बागा आणि मेंढ्यांचे कळप यांचा विमा उतरवणारी आमची कंपनी. ऐंशीचं दशक संपत आलं होतं, कॉम्प्युटर नुकतेच आले होते आणि हा प्राणी त्यांच्या तारा कुरतडायचा. तार तुटली की दाव्यांचं खातं, म्हणजे मी आणि माझ्या सोबतिणी, हातावर हात ठेवून बसायचो. शेवटी पॉसम पकडणाऱ्याला बोलावलं. आला तो क्लाइव्ह: पंचविशीतला, लांब हातांचा, लाल कानांचा, खांद्यावर गोणपाट. शिडी चढून तो छतात गेला. बराच वेळ धडपड ऐकू आली, मग एक शिवी, मग काहीच नाही. आणि एकदम आमच्या टेबलांवरच्या कॉम्प्युटरांचे सगळे पडदे उजळले.

तेव्हाचे जनरल मॅनेजर ऑलड्रिज म्हातारे होते, पण कान शाबूत होते. ते खोलीतून बाहेर आले आणि त्यांनी विचारलं, हे कसं केलंस. क्लाइव्हच्या हातातलं गोणपाट उड्या मारत होतं. तो म्हणाला, एक तार पायात येत होती, म्हणून तिचं टोक दुसऱ्या लोंबत्या टोकाला बांधून टाकलं.

"कॉम्प्युटरमधलं काय कळतं तुला?"

"काही नाही."

ऑलड्रिजना हे उत्तर फार आवडलं. कॉम्प्युटर बघणाऱ्या आधीच्या माणसाला सगळं कळत होतं आणि ते तो सगळ्यांना जेवणाच्या सुट्टीत समजावून सांगायचा. सोमवारपासून ये, ते म्हणाले. क्लाइव्हला वाटलं आणखी पॉसम आहेत. सोमवारी तो गोणपाट घेऊनच आला.

त्याची एक पद्धत होती. कोणाचं यंत्र अडलं की खुर्ची ओढून शेजारी बसायचं आणि विचारायचं, काय करत होतीस? आपण सांगायला लागलो की तो मन लावून ऐकायचा, मध्ये बोलायचा नाही. आपलं सांगून होईपर्यंत बहुतेक वेळा यंत्र आपसूक सुरू झालेलं असायचं. नसलं, तर तो ते बंद करून परत चालू करायचा. तरीही नाही जमलं, तर "मला नाही बाई कळत" असं सरळ सांगून होबार्टहून माणूस बोलवायचा. आमच्या खात्यातली डॉट तर यंत्र धडधाकट असतानाही त्याला बोलवायची. तिचा घटस्फोट चालू होता.

पुढे मेलबर्नहून सल्लागार आले. समुद्रापलीकडून कोणी आलं की आमच्याकडे माणसं इस्त्रीचे कपडे घालतात. सल्लागारांनी प्रत्येकाला खोलीत बोलावून विचारलं, तुम्ही नेमकं काय करता. आम्ही सगळे तासतासभर बोललो. मी तर गारपिटीने डागाळलेल्या सफरचंदाचा दावा आणि पोपटांनी टोचलेल्या सफरचंदाचा दावा यांतला फरक कागदावर काढून दाखवला. क्लाइव्ह गेला आणि लगेच बाहेर आला. काय सांगितलंस, मी विचारलं. म्हणाला, "खरं ते सांगितलं. मी बहुतेक वेळ वाट बघतो."

"कशाची?"

"त्यांनीही तेच विचारलं. काहीतरी बिघडण्याची, म्हटलं. आणि बिघडलं की ते बरं होण्याची."

सल्लागारांच्या अहवालात दाव्यांच्या खात्याबद्दल अर्धी ओळ होती. क्लाइव्हच्या 'धोरणात्मक संयमा'वर मात्र आख्खं प्रकरण होतं. आठवड्याच्या आत तो कॉम्प्युटरच्या खात्याचा प्रमुख झाला. त्याची बायको ब्रॉन्विन शाळेची बस चालवायची. बसभर पोरांना आवाज न चढवता गप्प बसवणारी बाई. तिने त्याच्यासाठी निळं जाकीट आणलं. बाह्या आखूड पडल्या, कारण हात लांब. तेच जाकीट त्याने पुढची सगळी वर्षं वापरलं.

मग दोन हजार साल आलं. साल बदलताना जगातले सगळे कॉम्प्युटर वेडे होणार, असं तेव्हा सगळीकडे बोललं जात होतं. आमची संचालक मंडळी घाबरून गेली होती. एका रात्रीत प्रत्येक मेंढी शंभर वर्षांची होईल आणि म्हातारपणाने मेली म्हणून तिचा दावा येईल, असं कोणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं होतं. जानेवारीत सुट्ट्या संपवून आम्ही कामावर आलो. मेंढ्या जेवढ्या वयाच्या होत्या तेवढ्याच होत्या. काही झालं नव्हतं. संचालकांना इतकं हायसं वाटलं की त्यांनी क्लाइव्हचा सत्कार केला. चांदीच्या ताटलीवर कोरलेलं होतं: 'काहीही न घडल्याबद्दल'.

क्लाइव्ह ओशाळला. त्याने अध्यक्षांना बाजूला घेऊन सांगितलं की आपण त्या दिवशी ब्रिडपोर्टला बहिणीकडे मासे धरत होतो. अध्यक्ष म्हणाले, यालाच आत्मविश्वास म्हणतात. आणि ज्या अर्थी यंदा काही घडलं नाही, त्या अर्थी पुढच्या वर्षीही घडू नये, म्हणून त्याच्या हाताखाली चार माणसांचं नवं खातं उघडलं. ती चौघं रोज सकाळी वेळेवर यायची, दिवसभर काही घडत नाही ना ते बघायची आणि संध्याकाळी तसं कळवायची. चांगली माणसं होती. त्यांच्यातल्या एकाच्या हाताला केक फार छान जमायचा.

अशा रीतीने क्लाइव्ह वर चढत गेला. तो शिडीला हात लावत नव्हता, शिडीच त्याच्या पायाखाली सरकायची. ऑलड्रिज गेले, त्यांच्या जागी आलेलेही गेले आणि मेलबर्नहून हॅमिश कॉर्बेट आला, तोवर क्लाइव्ह 'मुख्य माहिती अधिकारी', म्हणजे कंपनीतल्या सगळ्या कॉम्प्युटरांचा वरचा साहेब, झाला होता. हॅमिशचे दात फार पांढरे होते आणि तो मीटिंगा उभ्याने घ्यायचा. दर हिवाळ्यात आमच्या गावाला जशी सर्दी होते, तशी तो कंपनीची पुनर्रचना करायचा. कोण कोणाच्या हाताखाली याचा नवा तक्ता छापून यायचा, जिन्याजवळच्या भिंतीवर लागायचा आणि दोन-तीन दिवस लोक आपापलं नाव शोधत तिथे गर्दी करायचे.

एका वर्षी असा तक्ता लागला तेव्हा क्लाइव्ह स्कॅलपची पाय, म्हणजे शिंपल्यांचं सारण भरलेली पेस्ट्री, खात तिथे उभा होता. खाता खाता थांबला. त्याच्या नावाच्या चौकटीतून एक रेघ वर गेली होती, उजवीकडे वळली होती आणि खाली येऊन पुन्हा त्याच्याच चौकटीत शिरली होती. क्लाइव्ह पेडरचा साहेब: क्लाइव्ह पेडर.

तो पायची पिशवी हातात घेऊनच हॅमिशकडे गेला. हॅमिशने तक्ता नीट बघितला आणि मान्य केलं की रेघ जरा विचित्र दिसते. पण संचालकांनी तो मंजूर केला होता, छापून झाला होता, भिंतीवर चिकटवलाही होता. पुढच्या पुनर्रचनेत बघू, तो म्हणाला.

"तोपर्यंत मला काही लागलं तर मी कोणाला विचारायचं?" क्लाइव्हने विचारलं.

"तुझ्या साहेबाला," हॅमिश म्हणाला, आणि पुढच्या मीटिंगला उभा राहायला निघून गेला.

दुसरा कोणी असता तर त्याने चैन केली असती. क्लाइव्ह तसा नव्हता. आजवर त्याने प्रत्येक साहेबाचं ऐकलं होतं, आणि त्याच्या स्वतःच्या हाताखालची माणसंही त्याने कधी वाऱ्यावर सोडली नव्हती. आता दोन्ही बाजू त्याच्याकडेच आल्या म्हणून कुठलीही बाजू सैल सोडणं त्याला पटेना.

पहिली कुरबुर रजेवरून झाली. ऑगस्टमध्ये ट्राउट माशांचा हंगाम उघडतो. दर वर्षी तो आणि ब्रॉन डोंगरावरच्या तळ्याकाठी आठवडाभर जाऊन राहायचे, कॅरव्हॅनची जागा आधीच सांगून ठेवलेली असायची. क्लाइव्हने रजेचा अर्ज केला. मग जाकीट घालून साहेब म्हणून तो वाचला. त्याच आठवड्यात जुनी यंत्रं काढून नवी बसवायची होती. मुख्य अधिकारी त्या वेळी मासे धरत बसला तर बरं दिसलं नसतं. साहेबाने रजा नाकारली. क्लाइव्ह मुकाट्याने घरी गेला आणि त्याने ब्रॉनला सांगितलं की साहेब नाही म्हणतो.

"मग त्या साहेबाला सांग, मी चाललेय," ब्रॉन म्हणाली आणि एकटीच गेली. तिला त्या वर्षी भरपूर ट्राउट मिळाले, हे त्याला जास्त लागलं.

त्यानंतर वार्षिक मूल्यमापन आलं. बाकी सगळ्या मॅनेजरांनी ते टेबलाशी बसून, फोनवर बोलता बोलता उरकलं. क्लाइव्हने 'बास सामुद्रधुनी' नावाची छोटी खोली राखून घेतली (खोल्यांना असली नावं हॅमिशने दिली होती) आणि मला म्हणाला, मांदा, जरा बसशील का आत, साक्षीदार असलेला बरा. माझं नाव मंदा. पण पहिल्या दिवसापासून तो मांदाच म्हणायचा, आणि पुढे मीही ते सुधारायचं सोडून दिलं.

तर मी कोपऱ्यात बसले. क्लाइव्ह जाकीट घालून टेबलाच्या एका बाजूला बसला आणि त्याने समोरच्या रिकाम्या खुर्चीला विचारलं, वर्ष कसं गेलं असं तुला वाटतं. मग उठला, जाकीट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकलं, वळसा घालून पलीकडे जाऊन बसला आणि म्हणाला, बरं गेलं, फारसं काही बिघडलं नाही. मी हसणार होते, पण त्याच्या चेहऱ्याकडे पाहून हसू आलं नाही. तो पुन्हा उठला, पुन्हा जाकीट घातलं.

"बिघडलं नाही ते तुझ्यामुळे, की तू असूनसुद्धा?"

या प्रश्नानंतर तो पलीकडे जाऊन बसला. बाहेरून कोणीतरी काचेवर टकटक करून खोली कधी मोकळी होणार असं विचारलं. शेवटी साहेबाने निकाल दिला: अपेक्षेपेक्षा कमी. नवं शिकत नाही. दुसऱ्यांवर विसंबून राहतो. बाहेर पडताना क्लाइव्हचे कान पार जांभळे झाले होते.

"अरे, दोन गुण जास्त दिले असतेस तर काय जात होतं तुझं?" मी म्हटलं.

"ओळखीचा माणूस म्हणून सोडायचं नसतं, मांदा," तो म्हणाला. आणि दोन पावलं गेल्यावर थांबून म्हणाला, "पण एवढं लागेल असं बोलायची गरज नव्हती त्याला."

पुढचे काही आठवडे तो आपल्या साहेबाशी बोलत नव्हता. म्हणजे साहेबाचे निरोप तो वाचायचा, पण उत्तर द्यायचा नाही, आणि उत्तर आलं नाही म्हणून साहेब आणखी कडक शब्दांत लिहायचा. ब्रॉन मला सुपरमार्केटमध्ये भेटली, बटाट्यांपाशी. घरी जेवताना तोंडातून शब्द काढत नाही, ती म्हणाली. साहेबाने मन मोडलं म्हणतो. मी काही बोलायच्या आत तिने बटाट्यांची पिशवी ट्रॉलीत आपटली.

"माझं लग्न त्यांच्यापैकी एकाशी झालंय. दुसरा माझ्या दारात आला तर त्याला मी चहासुद्धा विचारणार नाही."

गोष्ट इथेच विरली असती. पण कंपनीचा नियम होता की एवढे कमी गुण पडलेल्या माणसाच्या नावाने त्याच्या साहेबाविरुद्ध तक्रार आपोआप एचआरकडे जाते. एचआरची प्रमुख फिलिपा डन्स्टन वाईट बाई नव्हती. नियम माणसांसाठीच केलेले आहेत, तेव्हा माणसांनी त्यांत बसायला काय हरकत आहे, असं तिचं म्हणणं. तिच्या टेबलावर तक्रार आली: तक्रारदार क्लाइव्ह पेडर, विरुद्ध क्लाइव्ह पेडर. तिने आधी त्या नावाचा दुसरा माणूस आहे का ते तपासलं. नव्हता. मग पहिला नियम लावला: चौकशी पुरी होईपर्यंत दोघांनी एका छपराखाली काम करायचं नाही.

क्लाइव्हने तेही पाळलं. सकाळी तो तक्रारदार म्हणून ऑफिसात यायचा, शर्टाच्या बाह्या दुमडून. जेवणानंतर घरी जाऊन गॅरेजमध्ये जाकीट घालून साहेब म्हणून बसायचा. दुपारी साहेबाने पाठवलेल्या सूचना सकाळी त्याच्या हाती पडायच्या आणि वाचता वाचता तो मान हलवायचा. बघ, हा असा बोलतो, असं म्हणून मलाही दाखवायचा. साहेब खरंच तुसड्यासारखं लिहायचा.

हळूहळू ऑफिसात दोन तट पडले. डॉट आणि आमचं सगळं खातं तक्रारदाराच्या बाजूचं. काही न घडण्यावर लक्ष ठेवणारी ती चौघं साहेबाच्या बाजूची, कारण त्यांच्या रजा तोच मंजूर करायचा आणि त्यांच्या रजा त्याने कधी नाकारल्या नव्हत्या. दोन्हीकडची माणसं चहाच्या वेळी वेगवेगळ्या टेबलांवर बसू लागली. केकवाल्याने आमच्या टेबलावर केक ठेवायचं बंद केलं. युनियनचा माणूस येऊन क्लाइव्हचा खांदा थोपटून गेला आणि म्हणाला, घाबरू नकोस गड्या, असल्या लोकांना आम्ही पुष्कळ पाहिलंय. क्लाइव्हने त्याचे मनापासून आभार मानले. दुपारी गॅरेजमध्ये बसून त्याने युनियनला उत्तर लिहिलं की व्यवस्थापन सहकार्य करील.

मध्यस्थ म्हणून होबार्टहून लेस्टर नावाचा गृहस्थ आला. विणलेलं बिनबाह्यांचं स्वेटर, हळू आवाज. शेजाऱ्यांची कुंपणावरची भांडणं सोडवण्यात त्याची हयात गेली होती. त्याने तीन खुर्च्या मांडल्या आणि मधल्या खुर्चीवर स्वतः बसला. साक्षीदार पुन्हा मीच, फिलिपा दाराशी. लेस्टरला परिस्थिती आधी सांगितलेली होती की नव्हती, मला माहीत नाही. क्लाइव्ह एकटा आत आला तेव्हा लेस्टरने त्याच्या मागे आणखी कोणी येतंय का ते पाहिलं, एवढं खरं. मग म्हणाला, बरं, सुरुवात करू या.

क्लाइव्ह डावीकडे बसला, जाकिटाशिवाय. लेस्टरने विचारलं, तुझं म्हणणं काय आहे.

"त्याला मी कधीच आवडलो नाही."

"कशावरून?"

"माझी प्रत्येक चूक तो लक्षात ठेवतो. बाकी कोणी ठेवत नाही. वीस वर्षांपूर्वी मी एका बाईचं आठवड्याचं काम पुसून टाकलं होतं. ती बाई विसरली. मी आंघोळ करत असलो तरी तो मला त्याची आठवण देतो. चांगलं काही केलं की म्हणतो, नशिबाने झालं."

ती बाई मी. मी खरंच विसरले होते.

लेस्टरने मान हलवली आणि उजवीकडच्या खुर्चीकडे बघितलं. क्लाइव्ह उठला, जाकीट घातलं, तिकडे जाऊन बसला. आखूड बाह्यांतून मनगटं बाहेर आलेली. त्याने बाह्या खाली ओढून बघितल्या. लेस्टर घाई करत नव्हता.

"मला त्याची भीती वाटते," साहेब म्हणाला.

"त्याने काही केलंय का तुला?"

"नाही. तो बरा माणूस आहे. पण त्याला यातलं काही येत नाही, हे मला माहीत आहे. एक दिवस कोणीतरी आत येऊन विचारणार, याला इथे कोणी ठेवून घेतलं? आणि त्या वेळी उत्तर द्यायला मीच असणार."

दाराशी फिलिपाने नाक शिंकरलं. लेस्टरने चष्मा काढला, स्वेटरला पुसला, परत घातला. मग त्याने अगदी सहज विचारलं, तुम्ही दोघं कधी कामाशिवाय एकत्र बसलायत का. क्लाइव्हने खूप आठवून बघितलं. नाही, तो म्हणाला. कोणत्या खुर्चीतून म्हणाला ते आता मला आठवत नाही.

निकाल तक्रारदाराच्या बाजूने लागला. रजा विनाकारण नाकारली, मूल्यमापन आकसाने केलं, लेखी भाषा कडक होती. साहेबाने माफी मागावी आणि त्या साहेबाला सेवेतून मुक्त करावं. फिलिपाने हे वाचून दाखवताना एकदाही मान वर केली नाही. मला वाटलं आता तरी कोणीतरी हसेल आणि हे सगळं मिटेल. हॅमिशच्या तोंडाकडे मी बघत होते. त्याने फक्त विचारलं, निरोप समारंभ शुक्रवारी ठेवायचा का.

शुक्रवारी ठेवला. चौघांतल्या केकवाल्याने मोठा केक केला होता आणि कापताना तो रडला. शुभेच्छांच्या कार्डावर सगळ्यांनी सह्या केल्या. ते फिरत फिरत क्लाइव्हकडे आलं तेव्हा त्यानेही लिहिलं: 'राग नाही. तब्येत सांभाळ.' हॅमिश उभ्याने बोलला, कंपनीच्या जडणघडणीत क्लाइव्ह पेडरचा वाटा वगैरे. मग हाताखालच्या माणसांपैकी कोणी बोलावं असं ठरलं आणि सगळे क्लाइव्हकडे बघायला लागले. तो पुढे झाला. माणूस कठोर होता, तो म्हणाला, पण दुसऱ्यांशी नव्हता. आणि बसला. एवढंच. टाळ्या वाजवायच्या की नाही, कोणाला समजेना. जाकीट त्याने घडी घालून साहेबाच्या खुर्चीवर ठेवलं, ओळखपत्र फिलिपाकडे दिलं. ब्रॉन घ्यायला आली होती. तिने गाडीच्या खिडकीतून मला विचारलं, कुठला येतोय? मी म्हटलं, तुझा.

सोमवारी हॅमिशने त्याला बोलावलं. मुख्य अधिकाऱ्याची जागा रिकामी झाली होती आणि त्या खात्यात सगळ्यांत जुना माणूस क्लाइव्हच. तात्पुरता बस त्या खुर्चीत, हॅमिश म्हणाला, पुढे कायम करू. हे मला क्लाइव्हने सांगितलं नाही. हॅमिशच्या खोलीला दार नव्हतं, आणि मी बाहेर सफरचंदांचे कागद घेऊन उभी होते.

"नाही," क्लाइव्ह म्हणाला.

हॅमिशला हा शब्द त्याच्या तोंडून नवा होता. मलाही. इतक्या वर्षांत त्याला जे जे दिलं ते त्याने घेतलं होतं, पॉसमसकट.

"अनुभव फक्त तुलाच आहे, क्लाइव्ह."

"माझ्या तक्रारीवरून ज्याची नोकरी गेली, त्याच्याच खुर्चीत मी जाऊन बसू? कसं दिसेल ते?"

"अरे पण तो तूच होतास," हॅमिश म्हणाला. या प्रकरणात एवढं स्पष्ट बोललेला तोच पहिला.

"म्हणूनच तर," क्लाइव्ह म्हणाला. "त्याला किती लागलं असेल, मला ठाऊक आहे."

जागेची जाहिरात निघाली. बर्नीहून मेले ताउफा नावाची बाई आली. टोंगा बेटांवरून आलेल्या घरातली, धिप्पाड, खळखळून हसणारी, आणि तिला यंत्रांतलं खरोखर कळायचं. भिंतीवरचा तक्ता तिने पहिल्याच आठवड्यात खुर्चीवर चढून स्वतःच्या हाताने काढला. मागे भिंतीचा रंग वेगळाच निघाला. हॅमिश पुढच्या उन्हाळ्यात पर्थला गेला, कुत्र्यांचं खाणं बनवणाऱ्या कंपनीत. तिथेही तो उभ्यानेच मीटिंगा घेतो, असं ऐकलं.

मेलेने क्लाइव्हला काढलं नाही. चौघांनाही नाही. त्यांच्यातल्या तिघांना तिने दुसरी कामं दिली आणि केकवाल्याला कँटीन. क्लाइव्हला मात्र तिने समोर बसवून विचारलं, तुला कोणी कधी काही शिकवलंय का? नाही, तो म्हणाला. मग पन्नाशी उलटलेला क्लाइव्ह पेडर मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी तांत्रिक शाळेत जाऊन बसू लागला, नाकात बाळ्या घातलेल्या विशीतल्या पोरांबरोबर. ती त्याला आजोबा म्हणायची आणि घरचा अभ्यास करायला मदत करायची. एके दिवशी तो जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी आला आणि सर्व्हर म्हणजे काय हे त्याने मला पायच्या पिशवीवर चित्र काढून सांगितलं. ज्याचा तो इतकी वर्षं प्रमुख होता, ते काय आहे हे त्याला त्या आठवड्यात कळलं होतं. कोणीतरी फार डोकं लावलंय गं, तो म्हणाला. आपल्याला कधी कळलंच नाही.

वर्षअखेर मेलेने त्याचं मूल्यमापन केलं. फार वेळ लागला नाही. 'समाधानकारक' लिहिलं आणि खाली 'शिकतो आहे'. त्याने ते उभ्याउभ्याच वाचलं आणि त्याच वेळी ट्राउटची रजा मागून घेतली. तिने दुसऱ्याच कुठल्या कागदावरून नजर न काढता हो म्हटलं. त्या ऑगस्टला त्याला एकही मासा मिळाला नाही. ब्रॉनला मिळाले.

नंतर आणखी काही वर्षं तो आमच्याकडेच होता. साधा मदतनीस म्हणून. आता कोणाचं यंत्र बिघडलं की खरोखर दुरुस्त करायचा. एका मिनिटात व्हायचं, आणि उठून जायचा. डॉटला हे अजिबात आवडलं नाही. पूर्वीचा बरा होता, ती म्हणायची.

तो निवृत्त होऊनही आता दीड-दोन वर्षं झाली. शनिवारच्या बाजारात तो ब्रॉनच्या बहिणीचा मध विकायला बसतो. परवा मी गेले तेव्हा एक म्हातारी त्याला विचारत होती, खोकल्याला लेदरवुडच्या फुलांचा मध चांगला की क्लोव्हरच्या. ते त्याला माहीत नव्हतं, आणि तसं त्याने सांगितलं. मग विचारलं, खोकला कधीपासून आहे. म्हातारी सांगायला लागली. आधी खोकला, मग नवऱ्याचा खोकला, मग नवरा. क्लाइव्ह कोपरं टेबलावर टेकून ऐकत होता. मागे रांग वाढत होती, लोक चुळबुळत होते. शेवटी ब्रॉनने त्याला कमरेने ढकलून बाजूला केलं, "तुम्ही दोघं तिकडे बाकावर बसा" म्हणाली आणि माझ्यापुढे एक बाटली सरकवली. मी लेदरवुडचा घेतला.